सरदाराचं तिसरं हसू

ख्वांग मास्तर सकाळी येतात, पोशाखाच्या पेटीवर बसतात आणि पाय पुढे करतात. बोलत नाहीत. मी आधी डाव्या पायात बूट चढवते, कारण उजवा गुडघा कामातून गेलाय आणि त्याला मनाची तयारी लागते. चांगली चार बोटं जाड तळव्याचे ते बूट. घातले की मास्तर माझ्यापेक्षा उंच होतात, एरवी आम्ही बरोबरीचे. मग अंगरखा, मग कमरपट्टा, शेवटी छातीपर्यंतची दाढी. उद्यान नवीन होतं तेव्हा कमरपट्ट्याचं मधलं भोक लागायचं. आता मीच खिळ्याने पाडलेलं आतलं भोक लागतं. माणूस किती उरलाय हे कळायला मला वैद्याकडे जावं लागत नाही.

मी न्ये. तालुक्याच्या नाटकमंडळीत पोशाखाच्या पेट्या सांभाळायचे. मंडळी बंद पडली तेव्हा पेट्या उद्यानाने घेतल्या, आणि पेट्यांच्या चाव्या माझ्याकडे असल्यामुळे मलाही घेतलं. मास्तरांना घेतलं ते सरदार म्हणून. सरदार दुआन स्मृतिउद्यानात सरदार दुआन हवाच, आणि सगळ्या जिल्ह्यात त्याच्यासारखं चालणारा एकच माणूस होता.

काम तसं फार नाही. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला नगारा वाजतो. औषधी विद्यालयाची मुलं प्लास्टिकचे भाले घेऊन रांगेत उभी राहतात. मास्तर त्यांच्यासमोरून चालत जातात, तळ्याकाठच्या चौथऱ्यावर चढतात, पाण्याकडे तोंड करून सरदाराची एक कविता म्हणतात आणि उतरतात. चढणं अवघड, उतरणं त्याहून अवघड. कविता सोपी, कारण ती कुणी ऐकत नाही. लोक फोटोसाठी नंबर लावण्यात गुंतलेले असतात.

सरदाराने जन्मभर दोनच गोष्टी केल्या, लढाया आणि कविता. लढायांत माणसं मेली त्यांची नावं कुठे नाहीत, कविता मात्र उद्यानाच्या भिंतीवर कोरल्यात. पुतळा करणाऱ्याला दोन्हींतलं एक निवडता आलं नाही, म्हणून पुतळ्याच्या एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात कुंचला. लहान मुलं विचारतात, हा रंगारी होता का. संग्रहालयात तीन मातीची मडकी, थोडी गंजलेली बाणाची टोकं, एक पट्ट्याचा आकडा, आणि बाकी सगळं मेणाचं. मेणाचा सरदार उद्यानाच्या पहिल्या साहेबांसारखा दिसतो असं लोक म्हणतात. मी फक्त ऐकते.

आता खरी अडचण सांगते. हे सगळं झालं संग्रहालयातलं. रंगमंचावर मात्र आमचा सरदार पांढऱ्या तोंडाचा. लाल तोंड म्हणजे शब्दाला जागणारा, काळं तोंड म्हणजे आडदांड पण सरळ, आणि भिंतीला चुना द्यावा तसं पांढरं तोंड म्हणजे कपटी. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ख्वांग मास्तरांचं अख्खं आयुष्य त्या पांढऱ्या तोंडाखाली गेलं. गावोगावच्या जत्रांत त्यांनी सरदाराला इतका बदमाश केला की बाजारात भाजीवाल्या त्यांना तोलून देताना दोनदा तराजू बघायच्या. उद्यानात आल्यावर त्यांना सांगितलं गेलं, इथे सरदार थोर आहेत, तोंड धुतलेलं पाहिजे. मास्तर म्हणाले, बरं. रंग लावायला तासभर लागायचा, तेवढाच वेळ वाचला.

उद्यानाच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून दुआनवाडी. सगळी घरं दुआन, सगळे सरदाराचे वंशज, निदान त्यांचं तसं म्हणणं आहे आणि त्यांच्या तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. त्या वाडीचा नियम पिढ्यान्‌पिढ्या एकच. पांढऱ्या तोंडाचं नाटक वाडीत होत नाही, आणि दुसऱ्या गावी असलं तर वाडीतलं कुणी बघायला जात नाही. शेजारच्या लिउफूच्या जत्रेत आमचा तंबू लागला की दुआनवाडीची दारं दिवसाउजेडी बंद. जो जाईल त्याला घरात जेवण नाही. आम्ही मंडळीतले त्या बंद दारांवरून थट्टा करायचो, पण मनातून मानायचो. आपल्या माणसाची टिंगल तिकीट काढून बघायची नाही, एवढं तरी त्यांना कळतं.

उद्यान झालं तेव्हा घराण्यातले वडीलधारे म्हणजे चौथे आजोबा. ते ठार बहिरे होते आणि मास्तरांची दाढी त्यांना आवडायची. ते असेतोवर सगळं ठीक चाललं. गेल्या थंडीत ते वारले आणि मान सातव्या आजोबांकडे गेला.

सातवे आजोबा म्हणजे वाळलेल्या मुळीसारखा माणूस. औषधांच्या बाजारात आयुष्यभर अडत्याचं काम केलेलं, त्यामुळे समोरच्याला काय हवंय ते आधी बघायचं आणि आपल्याला काय हवंय ते शेवटपर्यंत सांगायचं नाही, ही सवय. आणि उद्यान चालवणाऱ्या आमच्या ब्येन साहेबांना काय हवंय हे आंधळ्यालाही दिसत होतं. त्यांना हवं होतं वाडीच्या देवघरातलं सरदाराचं जुनं चित्र. कापडावरचं, गुंडाळून ठेवलेलं, नववर्षाला फक्त घराण्यासमोर उलगडतात ते. छिंगमिंगला, म्हणजे पितरांच्या थडग्यांवरचं गवत काढायच्या दिवशी, प्रांतातून मोठी मंडळी संग्रहालय बघायला येणार होती. त्यांना तीन मडकी किती वेळ दाखवणार?

सातवे आजोबा म्हणाले, चित्र देतो. पण ज्याने आमच्या पूर्वजाला जन्मभर चुना फासला, तो माणूस त्याच्याच अंगरख्यात त्याच्याच पुतळ्यासमोर मिरवतो, हे चालायचं नाही. तो गेला की चित्र आलंच समजा.

हे मला कळलं कसं, तर ब्येन साहेब माझ्या पोशाखघरात आले. साहेब तिथे आले की समजावं, कुणाला तरी काहीतरी सांगायचंय आणि ते त्यांना स्वतःला सांगायचं नाहीये. त्यांनी अस्तन्यांना कसर लागलीय का विचारलं, डांबराच्या गोळ्या पुरतात का विचारलं, खिडकीतून बाहेरची पावलोनियाची जांभळी फुलं बघितली. मग म्हणाले, "न्येताई, तुमचं आणि मास्तरांचं जुनं आहे. तुम्ही सांगितलंत तर त्यांना लागणार नाही."

मी म्हटलं, "लागायचं ते लागेलच, साहेब. फक्त तुम्हाला दिसणार नाही."

साहेब हसले. वाईट माणूस नाही. मास्तरांना निरोपसमारंभ करू, शाल देऊ, फोटो भिंतीवर लावू, असं सगळं बोलले. एक गोष्ट बोलले नाहीत, ती मीच बोलले. मास्तर राहतात ती संग्रहालयामागची खोली, जिथे आधी नगारे ठेवायचे, ती सरदाराच्या कामाबरोबर मिळालेली आहे. काम गेलं की खोलीही गेली. साहेब म्हणाले, त्यांचा मुलगा दक्षिणेला असतो ना, चांगला आहे ना? मी म्हटलं, हो, फार चांगला आहे. मुलाला मी दोष देत नाही. दर नववर्षाला बोलावतो.

मास्तर दारात बसून लसूण सोलत होते. कढईत मटणाच्या रश्शाचं पाणी ठेवलेलं, शेवया बाजूला. मी शेजारी बसले, चार पाकळ्या सोलल्या आणि सांगून टाकलं. असल्या गोष्टींना प्रस्तावना केली की त्या वाढतात.

त्यांनी ऐकलं. बराच वेळ लसणाचं साल बोटाला चिकटलं होतं ते काढत बसले. मग मुलाच्या घराबद्दल सांगायला लागले. अठराव्या मजल्यावर घर. लिफ्टमध्ये आरसा आहे, त्यात म्हातारा दिसतो. एकदा खाली उतरले मीठ आणायला, आणि परत येताना कुठली इमारत ते आठवेना, सगळ्या सारख्याच. दुपारभर बागेत बसून राहिले, सून कामावरून येताना दिसली तिच्या मागोमाग वर गेले. तिला काही बोलले नाहीत. मीठ मात्र खिशात होतं.

"दमलोय गं न्ये," ते म्हणाले. "खरं सांगतो, हे बूट आता नकोत मला. पण तिथे मी कुणीच नाही. इथे निदान खोटा सरदार तरी आहे."

शेवया रश्शात पडल्या. मला वाढल्या. स्वतः रस्सा प्यायले आणि शेवया ठेवून दिल्या. ते मी लक्षात ठेवलं.

ब्येन साहेबांनी तरी एक चांगलं केलं, सातव्या आजोबांना आणि मास्तरांना समोरासमोर बसवलं. साहेबांना वाटलं, म्हातारा माणूस म्हाताऱ्या माणसाला बघून पाघळेल. संग्रहालयाच्या चहाच्या खोलीत बैठक झाली. आजोबांबरोबर दोन पुतणे होते, दोघेही साठीचे, पण आजोबांसमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. मी चहा ओतत होते. साहेबांनी मास्तरांना आधीच बजावलं होतं, काही बोलू नका, मान हलवा, माफी मागा, मी बघतो.

मास्तरांनी मान हलवली. तेवढीही नीट हलली नाही, फार थकलेले दिसत होते.

आजोबांनी सुरुवात सावकाश केली. वाडीचा नियम सांगितला. आपल्या आजोबांनी एका चुलत्याला नाटक बघून आला म्हणून तीन दिवस गोठ्यात कसं ठेवलं ते सांगितलं. पिढ्या गेल्या, सरकारं गेली, दुष्काळ आले, पण दुआनवाडीच्या एकाही माणसाने पांढऱ्या तोंडासमोर बूड टेकलं नाही, असं म्हणाले. पुतण्यांनी माना डोलावल्या. साहेबांनीही डोलावली.

मग आजोबा तापले. अडत्या माणूस तापला की त्याची सवय सुटते, हे मी बाजारात पुष्कळदा बघितलंय.

"चुना फासलास ते एक वेळ सोडून दिलं असतं," ते मास्तरांना म्हणाले. "रंग काय, पोटासाठी माणूस शेणही फासेल. पण तो पुलाचा प्रवेश. मदतीला आलेल्या मेहुण्याचं सैन्य पलीकडच्या काठावर, आणि आमचा पूर्वज अलीकडून पूल पेटवतो. तिथे सगळे नट तीनदा हसतात. हसू दे. तूही पहिल्यांदा हसलास, घशातून. दुसऱ्यांदा हसलास, पोटातून. आणि तिसऱ्यांदा..."

आजोबा उभे राहिले. वाळलेला हात वर गेला, अस्तनी नसलेल्या हाताने अस्तनी झटकली. तोंड उघडलं, हसू निघालं, आणि मधेच थांबलं. हात खाली पडला. आजोबांनी डावीकडे बघितलं, जणू तिथे कुणीतरी उभं आहे आणि त्याने सगळं पाहिलंय.

"असं," ते म्हणाले. "जणू आमच्या पूर्वजाला लाज वाटली. ही तर हसण्यापेक्षा मोठी बेअदबी. चोराला चोर म्हणा, पण त्याला लाज वाटली असं दाखवायचा तुला काय अधिकार?"

 एक पुतण्या जमिनीकडे बघत होता. दुसरा कपाकडे. मी किटली हातात धरून उभी राहिले.

कारण मला ते माहीत होतं. ते तिसरं हसू मास्तरांनी एकदाच केलं. लिउफूच्या जत्रेत, भर दुपारी, धुळीचं वादळ सुटलेलं. घसा बसला आणि हसू मधेच तुटलं, आणि मास्तरांनी डावीकडे बघितलं कारण डावीकडच्या पडद्याआड मी गरम पाण्याचा पेला घेऊन उभी होते. पुढच्या खेळापासून पुन्हा तिन्ही वेळा सरळ हसले. मंडळीच्या मालकाने त्या तुटक्या हसण्याबद्दल त्यांना झापलं होतं. ते हसू बघितलं असेल तर लिउफूच्या त्या तंबूतल्या माणसांनीच.

माझ्या मनात हिशेब मांडून झाला होता. मास्तरांनी फक्त विचारायचं होतं, आजोबा, तुम्ही हे कुठे बसून बघितलंत? पुतणे समोर होते. साहेब समोर होते. सातव्या आजोबांची सगळी पत त्या एका प्रश्नात बुडाली असती. मास्तरांची खोली वाचली असती. मी डोळ्यांनी खुणावत होते, विचारा.

मास्तरांनी आजोबांकडे बघितलं.  मग थकलेल्या आवाजात म्हणाले, "ते डावीकडे बघणं, आजोबा. तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल."

आजोबा उभेच होते. त्यांचा हात अजून पुरता खाली आलेला नव्हता. तो त्यांनी खाली घेतला, बसले, थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"हो," ते म्हणाले. "कुणीतरी सांगितलं."

"सांगणाऱ्याची नजर चांगली होती."

"बरी होती," आजोबा म्हणाले.

मला त्या क्षणी मास्तरांचा फार राग आला. हातातलं नाणं नाल्यात टाकणारा माणूस मी आयुष्यात तो एकच बघितला. पुतणे मात्र सुटकेचा श्वास टाकून खुर्चीत मागे रेलले, त्यावरून मला आणखी एक गोष्ट कळली. सातवे आजोबा एकटेच लिउफूला गेले नव्हते.

आजोबा बराच वेळ कप फिरवत बसले. अट मागे घेणं शक्य नव्हतं, साऱ्या वाडीला सांगून आले होते. शेवटी म्हणाले की आमच्यात गुन्हेगाराला हाकलायच्या आधी धुवून घ्यायची एक पद्धत आहे. ही पद्धत कुणी कधी ऐकली नव्हती. पुतण्यांनीही पहिल्यांदाच ऐकली, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. छिंगमिंगच्या सकाळी, पुतळ्यासमोर, सगळ्या घराण्यादेखत, या माणसाने तोंडावरचा चुना धुवावा. धुतलं की फिटलं. मग तो सरदार म्हणून उभा राहिला तरी घराण्याची हरकत नाही.

साहेबांचा चेहरा उजळला. "अहो, ते सोपं आहे. मास्तर रोजच तोंड धुतात. पाण्याची घागर ठेवू."

"कोरडं तोंड धुऊन काय उपयोग?" आजोबा म्हणाले. "मळ नसेल तर धुवायचं काय? आधी लावायला नको?"

साहेबांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. पांढरं तोंड, उद्यानात, पुतळ्यासमोर, प्रांतातली मंडळी यायच्या दिवशी. आजोबा शांतपणे म्हणाले की पूर्ण लावायचं. भुवयांच्या रेघांसकट. आणि गुन्हा काय तो आधी दाखवायचा, नाहीतर वाडीतल्या मुलांना कळणार कसं कशाबद्दल धुतलं.

मी किटली खाली ठेवली आणि खोलीबाहेर जाऊन हसले. पूल जाळणाऱ्याचा वंशज शोभला खरा.

साहेबांनी त्यातूनही वाट काढली. प्रांतातली मंडळी दहाला येणार, तर धुणं सकाळी लवकर उरकायचं, आणि दहापर्यंत दगडांवर एकही पांढरा थेंब राहता कामा नये. माझ्याकडे फडकी दिली.

त्या सकाळी मास्तर नेहमीसारखे पेटीवर बसले, पण पाय पुढे केले नाहीत. मी तेलात पूड कालवली. डबा जुना, झाकण चाकूने उघडावं लागलं. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. इतक्या वर्षांनी. त्यांनी आरशात बघितलं, बोटाने कपाळापासून लेप ओढायला सुरुवात केली, आणि नाकापर्यंत आल्यावर हात खाली ठेवला. 

"पूर्वी एका दमात व्हायचं," ते म्हणाले.

"पूर्वी गाल भरलेले होते. आता सुरकुत्यांत जास्त लागतो. माझा अर्धा डबा संपवलात."

"मग उरलेला तू लाव."

मी लावला. भुवयांच्या काळ्या रेघा त्यांनी स्वतः काढल्या, एक हात दुसऱ्याने धरून. काढून झाल्यावर आरशात तो माणूस होता, जत्रेतला, भाजीवाल्यांनी घाबरावं असा. फक्त डोळे म्हाताऱ्याचे होते. मी बूट चढवले. उजव्याला ते कण्हले.

बाहेर आले तर पुतळ्यासमोरचं पटांगण भरलेलं. दरवर्षी छिंगमिंगला वाडीतून येतात किती, तर वडीलधारे आणि दहाबारा कंटाळलेले तरुण. उदबत्ती, कागदी नाणी, तीनदा मान लववून घरी. त्या दिवशी अख्खी वाडी लोटली होती. आणि मी बघितलं, म्हाताऱ्या बायकांनी बसायला लाकडी चौरंग आणले होते. पितरांना नमस्कार करायला कुणी चौरंग घेऊन येत नाही. पुढच्या रांगेत सूर्यफुलाच्या बिया फोडल्याचा आवाज येत होता. मुलांना खांद्यांवर घेतलं होतं. एक आजी शेजारणीला सांगत होती, "आता बघ, येतानाच तो डावा पाय आधी टाकतो," आणि शेजारीण म्हणाली, "मला काय सांगतेस, मी बघितलंय." मग दोघी एकदम गप्प झाल्या.

सातवे आजोबा मधोमध खुर्चीवर. शेजारी पितळी घंगाळात पाणी, साबण, घडी केलेला टॉवेल. आजोबांनी घसा साफ केला आणि नियम सांगितला, पिढ्यान्‌पिढ्या वगैरे. कुणी ऐकत नव्हतं. सगळे चौथऱ्याच्या पायऱ्यांकडे बघत होते.

मास्तर निघाले. डावा पाय आधी. पटांगणातला आवाज बंद झाला, बियांचाही. पायऱ्यांवर उजव्या गुडघ्याने घात केला, ते क्षणभर थांबले, आणि थांबण्यालाही चाल दिली, म्हणून कुणाला कळलं नाही. मला कळलं. वर पोचले, वळले. पलीकडे तळं होतं. ते त्या तळ्याकडे असं बघत होते जणू पलीकडच्या काठावर खरंच माणसं उभी आहेत आणि अलीकडे पूल पेटलाय.

पहिलं हसू घशातून. माझ्याजवळच्या मुलाने बापाचं डोकं घट्ट धरलं.

दुसरं पोटातून.

तिसऱ्यासाठी हात वर गेला, अस्तनी झटकली, हसू निघालं आणि मधेच थांबलं. मला अजून खात्रीने सांगता येत नाही की ते त्यांनी थांबवलं की श्वासच संपला. हात खाली पडला. त्यांनी डावीकडे बघितलं. डावीकडे मी होते, फडकी घेऊन. माझ्या हातात पाणी नव्हतं याची मला अजून चुटपुट लागते.

कुणी टाळी वाजवली नाही, धुण्याला टाळी वाजवत नाहीत. पण सगळ्या पटांगणाने एकदम श्वास सोडला, आणि मागून कुणीतरी म्हातारं माणूस हळूच "वा" म्हणालं. सातव्या आजोबांनी वळून बघितलं नाही, कोण ते त्यांना बघायचं नव्हतं.

मग धुणं झालं. मास्तरांना वाकता येईना, म्हणून पुतण्यांनी घंगाळ उचलून धरलं. पाणी दुधासारखं झालं. सातवे आजोबा उठून पायऱ्या चढले आणि टॉवेल त्यांनी स्वतः दिला. दोघं म्हातारे त्या चौथऱ्यावर एकमेकांचा आधार धरून उभे होते, खाली कसं उतरायचं याचा विचार करत.

"फिटलं," आजोबा मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग हळू आवाजात, पण मी जवळ होते म्हणून ऐकलं, "त्या दिवशी धूळ होती रे. आज नीट दिसलं."

मास्तर म्हणाले, "माझ्या डोळ्यांत साबण गेलाय."

चित्र त्याच सकाळी आलं. ब्येन साहेबांनी पांढरे हातमोजे घातले, काचेच्या पेटीसमोर चित्र उलगडलं. पिढ्यान्‌पिढ्या उदबत्तीचा आणि दिव्याचा धूर बसून कापड काजळासारखं झालं होतं. टोपी दिसत होती, गुडघ्यांवरचे हात दिसत होते. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. आजोबांना विचारलं, चेहरा कसा होता? आजोबा म्हणाले, घराण्याला माहीत आहे. दहाच्या मंडळींनी ते चित्र तीन मडक्यांपेक्षा जास्त वेळ बघितलं, त्यामुळे साहेब खूष. पाटी लावली आहे, तिच्यावर बरंच काही लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, पेटीवर बसले, पाय पुढे केले. खोली राहिली होती, काम राहिलं होतं. कानामागे पांढरी रेघ राहून गेली होती, ती मी ओल्या बोटाने पुसली. मी म्हटलं, चला, अठरावा मजला टळला.  डावा बूट चढला.

अकराला नगारा वाजला. मी पडवीतून बघत होते. रांगेतून मास्तर चालत आले, आणि तळ्याकाठच्या झाडाखाली, डावीकडे, सातवे आजोबा चौरंग टाकून बसले होते. वंशजांना उद्यान फुकट आहे. त्यांनी सगळं बघितलं, भाले, चाल, पायऱ्या. कविता संपेपर्यंत ऐकली, ओठ हलवत. ऐकणारा त्या जागी मी पहिल्यांदाच बघितला. मास्तर उतरले तेव्हा आजोबा म्हणाले, "चौथी ओळ गिळलीस. आणि पायऱ्यांवर म्हशीसारखा चढतोस. तुझं पांढरं तोंड बरं होतं, या धुतलेल्या तोंडात काही जीव नाही."

"बरं," मास्तर म्हणाले.

तीनला आजोबा पुन्हा हजर. तेव्हापासून रोज. पाऊस असला तर छत्री घेऊन.

मास्तर पोशाखघरात आले, पेटीवर बसले आणि दाढी काढून माझ्या हातात दिली. बूट ओढताना त्यांनी डोळे मिटले होते.

"दहा वर्षं बरी गेली गं," ते म्हणाले. "कुणी बघत नव्हतं. आता रोज नीट करावं लागणार."

मी उजवा बूट सावकाश ओढला.